चेकमेट २१४ वाचताना : ‘धोका ३७ टक्क्यांनी कमी’ म्हणजे नेमकं काय?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी मांडलेला पहिला क्लिनिकल पेपर किडनीच्या पसरलेल्या कॅन्सरवरचा होता. माझं स्वतःचं काम फ्लास्कमधल्या टी-पेशींवर. पेशंटवरच्या प्रयोगांचे पेपर वाचायची सवय नव्हती, पण स्लाइड मात्र झकास केल्या होत्या. शेवटच्या स्लाइडवर ठळक अक्षरांत एकच ओळ होती : मृत्यूचा धोका ३७ टक्क्यांनी कमी. मी खाली बसणार इतक्यात मागच्या रांगेतल्या एका सीनियरने विचारलं, “या पेपरला तीन मुख्य एंडपॉइंट आहेत. त्यातला एक जमलेला नाही. कोणता?”

मला सांगता आलं नाही. पेपर मी चार वेळा वाचला होता.

पुढे दोनेक महिन्यांनी मावशीचा फोन आला. तिच्या दिरांना किडनीचा कॅन्सर निघाला होता, फुप्फुसांपर्यंत पसरलेला. डॉक्टरांनी दोन पर्याय समजावले होते : रोजच्या गोळ्या किंवा इम्युनोथेरपीची इंजेक्शनं. “अगं, तू त्यातच शिकतेस ना? ते इंजेक्शन घेतलं तर बरे होतील का ते?” माझ्या ओठांवर तोच ३७ टक्क्यांचा आकडा आला होता. पण तो ऐकून मावशी काय समजेल, हे लगेच लक्षात आलं : शंभरातले सदतीस वाचतात. पेपर असं कुठेही म्हणत नाही. मी म्हटलं, “मावशी, मी नीट वाचून उद्या फोन करते.”

ही पोस्ट म्हणजे त्या रात्रीचं पाचवं वाचन, आणि नंतरच्या वर्षांत त्यात पडलेली भर. हा उपचाराचा सल्ला नाही, तो ऑन्कॉलॉजिस्टनेच द्यायचा. तुम्ही संशोधनाच्या वाटेवर असाल, तर एवढा गाजलेला पेपर कसा वाचायचा, त्यात काय पक्कं आहे आणि काय सुटलंय, एवढंच मला सांगायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी

मोठ्या माणसांतल्या किडनीच्या कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे क्लिअर सेल कार्सिनोमा. नेहमीच्या केमोथेरपीला तो दाद देत नाही. प्रतिकारशक्तीशी मात्र त्याचं काहीतरी नातं आहे, हा संशय फार जुना. अमेरिकेच्या एफडीएने १९९२ मध्येच या आजारासाठी हाय-डोस इंटरल्युकिन-२ मंजूर केलं होतं. मोजक्या पेशंटमध्ये गाठी पूर्ण जायच्या आणि वर्षानुवर्षं परत यायच्या नाहीत. पण उपचार इतका कठीण होता, की बऱ्याच जणांना तो देणंच शक्य नसे.

२००६ च्या आसपास दुसरी वाट उघडली. क्लिअर सेल प्रकारात बहुतेकदा व्हीएचएल नावाचं जनुक निकामी झालेलं असतं. त्यामुळे पेशीला सतत ऑक्सिजन कमी पडल्यासारखं वाटतं आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवणारे संदेश सोडत राहते. सुनिटिनिब ही गोळी हे संदेश अडवते. दहा-बारा वर्षं हीच पहिल्या फळीतली प्रमाण औषधयोजना होती.

मग आली चेकपॉइंट औषधं. टी-पेशींना आवर घालणारे पीडी-१ आणि सीटीएलए-४ हे दोन ब्रेक सोडवायचे, ही त्यामागची कल्पना. याच कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. निवोलुमॅब पीडी-१ वर काम करतं, इपिलिमुमॅब सीटीएलए-४ वर.

किडनीच्या कॅन्सरमध्ये पहिला मोठा निकाल २०१५ चा, चेकमेट ०२५ या प्रयोगाचा. आधी गोळ्या घेऊनही आजार वाढलेले ८२१ पेशंट. एका गटाला निवोलुमॅब, दुसऱ्याला एव्हरोलिमस. मध्यक आयुर्मान २५.० महिने विरुद्ध १९.६. पण आजार न वाढता गेलेल्या काळाचा मध्यक ४.६ विरुद्ध ४.४ महिने, म्हणजे जवळजवळ सारखाच. आजार थोपवण्यात फरक नाही, तरी माणसं जास्त जगली, हे कसं? हा प्रश्न बाजूला लिहून ठेवा, पुढे लागेल.

प्रयोग काय होता

चेकमेट २१४ मध्ये आधी कुठलंही औषध न घेतलेले १०९६ पेशंट होते. ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१६ या काळात त्यांची भरती झाली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी झाली. एका गटाला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब एकत्र, असे चार डोस, आणि त्यानंतर दर दोन आठवड्यांनी नुसतं निवोलुमॅब. दुसऱ्या गटाला सुनिटिनिब, चार आठवडे रोज आणि दोन आठवडे सुट्टी. कोणाला काय मिळतंय हे डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही माहीत होतं. निकाल एप्रिल २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला.

इथे एक बारकावा आहे. या आजारात पेशंटची जोखीम सहा गोष्टींवरून ठरवतात : निदानापासून उपचारापर्यंत वर्षाहून कमी काळ, खालावलेली कार्यक्षमता, कमी हिमोग्लोबिन, जास्त कॅल्शियम, जास्त न्यूट्रोफिल, जास्त प्लेटलेट. यातलं एकही नसेल तर अनुकूल गट, एक किंवा दोन असतील तर मध्यम, तीन किंवा जास्त असतील तर प्रतिकूल. भरती तिन्ही गटांची झाली. मुख्य प्रश्न मात्र फक्त मध्यम आणि प्रतिकूल मिळून ८४७ पेशंटपुरता विचारला गेला. हे आधीच ठरलेलं होतं, निकाल बघून नव्हे. म्हणून “चेकमेट २१४ चा निकाल” असं कोणी म्हटलं, की पहिला प्रश्न : कोणत्या गटाचा?

चुकण्यासाठीचे पन्नास रुपये

आता सीनियरच्या प्रश्नाकडे येऊ. तीन मुख्य एंडपॉइंट होते : किती जणांच्या गाठी आकसल्या, आजार न वाढता किती काळ गेला, आणि माणूस किती जगला. निकाल असे :

गाठी आकसल्या : ४२ टक्के विरुद्ध २७ टक्के. त्यातही पूर्ण नाहीशा झाल्या ९ टक्के विरुद्ध १ टक्का.
आजार न वाढता गेलेला काळ, मध्यक : ११.६ महिने विरुद्ध ८.४ महिने, पी-मूल्य ०.०३.
१८ महिन्यांना जिवंत : ७५ टक्के विरुद्ध ६० टक्के, हॅझर्ड रेशो ०.६३.

मी चारही वेळा ०.०३ हा आकडा पाहिला आणि “०.०५ पेक्षा कमी आहे, छान” म्हणून पुढे गेले. जमला नाही तो नेमका हाच.

एकाच प्रयोगाला तीन प्रश्न विचारले, की निव्वळ योगायोगाने एखादं उत्तर ‘हो’ येण्याची शक्यता वाढते. म्हणून चुकण्याची परवानगी एकदाच मिळते आणि ती वाटून घ्यावी लागते. समजा खिशात एकूण पन्नास रुपये आहेत, म्हणजे ०.०५. या मंडळींनी ते आधीच असे वाटले : आयुर्मानाला चाळीस (०.०४), आजार न वाढण्याला नऊ (०.००९), गाठी आकसण्याला एक (०.००१). आता ०.०३ म्हणजे तीस रुपयांची वस्तू, आणि त्या कप्प्यात रुपये नऊच. विकत घेता येत नाही.

पेपरने हे लपवलेलं नाही. सारांशातच लिहिलंय, की हा फरक आधी ठरवलेल्या मर्यादेत बसत नाही. हा या पेपरचा मोठा गुण आहे. चूक माझी होती. ०.०५ हा आकडा मी देवाने दिल्यासारखा धरला होता.

याला जोडून अजून एक सापळा. आयुर्मानाच्या हॅझर्ड रेशोभोवतीची कॉन्फिडन्स इंटर्व्हल ०.४४ ते ०.८९ दिली आहे, आणि ती ९५ टक्क्यांची नाही, ९९.८ टक्क्यांची आहे. कारण हे विश्लेषण मधल्या टप्प्यावरचं होतं आणि त्या टप्प्यासाठी मर्यादा आणखी कडक होती. ही पट्टी दुसऱ्या पेपरमधल्या ९५ टक्क्यांच्या पट्टीशेजारी ठेवून “इथे अनिश्चितता जास्त दिसते” म्हणणं चूक आहे. दोन पेपर शेजारी ठेवण्याआधी टक्क्यांचा आकडा बघा. मी एका सेमिनारमध्ये ही चूक करणाऱ्याला पाहिलंय, आणि तेव्हा गप्प बसले याचं अजून वाईट वाटतं.

३७ टक्के कुठून आले

हॅझर्ड रेशो ०.६३, म्हणजे १ मधून ०.६३ वजा, उरले ०.३७. झाले ‘३७ टक्के कमी’.

पण हॅझर्ड म्हणजे काय? आज जे जिवंत आहेत, त्यांच्यात मृत्यू येण्याचा त्या घडीचा वेग. दोन गटांच्या वेगांचं गुणोत्तर म्हणजे हॅझर्ड रेशो. एका गाडीचा वेग दुसरीच्या ६३ टक्के आहे एवढंच यातून कळतं. कोण कुठवर पोहोचलं हे कळत नाही. त्यासाठी दोन्ही गटांचे खरे आकडे लागतात. ते इथे आहेत : १८ महिन्यांना शंभरातले ६० विरुद्ध ७५. म्हणजे शंभरामागे पंधरा जास्त. उलट करून बघा : साधारण सात जणांना सुनिटिनिबऐवजी हे औषध दिलं, तर १८ महिन्यांना एक जण जास्त जिवंत असतो.

पंधरा हा आकडा कमी नाही. या आजारात तो फारच मोठा आहे. पण तो ३७ नाही, आणि शिवाय साठ जण गोळ्यांवरही त्या टप्प्यापर्यंत जिवंत होते. मावशीला काही सांगायचंच असेल, तर हे सांगता येण्यासारखं होतं.

आलेखाचा आकार

आता बाजूला ठेवलेला प्रश्न काढा. मध्यक सारखा असून आयुर्मानात फरक कसा?

मध्यक म्हणजे रांगेतला बरोबर मधला माणूस. त्याच्या मागे काय घडतंय, हे त्याला विचारून कळत नाही. इम्युनोथेरपीत बऱ्याच जणांना सुरुवातीला काहीच फायदा होत नाही, त्यांचा आजार लगेच वाढतो. त्यामुळे आलेख सुरुवातीला दुसऱ्या गटासारखाच घसरतो. पण ज्यांच्यात प्रतिकारशक्ती कामाला लागते, त्यांच्यात ती टिकते. मग आलेख पुढे जाऊन सपाट होत जातो. गोळ्यांचा आलेख मात्र बराच काळ एकसारखा उतरत राहतो. हा फरक मध्यकात सापडत नाही, शेपटीत सापडतो.

चेकमेट २१४ ची पुढची वर्षं हेच दाखवतात. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात मध्यम-प्रतिकूल गटातल्या साधारण चौथ्या हिश्श्याचा आजार एकत्रित औषधांवर वाढलेला नव्हता. सुनिटिनिबवर हे प्रमाण दहाव्या हिश्श्याहूनही कमी होतं. २०१८ मध्ये जो एंडपॉइंट नऊ रुपयांच्या कप्प्यात बसला नाही, त्याच एंडपॉइंटची ही गोष्ट. तेव्हाचा निकाल चूक नव्हता. आलेखाचा फरक जिथे होता, तिथवर प्रयोग अजून पोहोचलाच नव्हता.

आणि इथेच माझी या पेपरांबद्दलची मुख्य तक्रार आहे. पेपरातही, बातम्यांतही आणि आमच्या जर्नल क्लबातही हॅझर्ड रेशो हा औषधाचा कायमचा गुणधर्म असल्यासारखा सांगितला जातो, जसा पाण्याचा उत्कलनबिंदू. तो तसा नाही. तो आपण जितका काळ पाहिलं तितक्या काळाची सरासरी आहे. दोन्ही आलेखांमधलं अंतर काळानुसार बदलत असेल, तर पाहण्याचा काळ बदलला की आकडाही बदलतो.

दोन उदाहरणं घ्या. पहिलं याच प्रयोगातल्या अनुकूल गटाचं. २०१८ मध्ये त्यांच्या गाठी आकसण्याचं प्रमाण एकत्रित औषधांवर २९ टक्के आणि सुनिटिनिबवर ५२ टक्के होतं, आणि मृत्यूचा हॅझर्ड रेशो १.४५, म्हणजे वरवर पाहता नवं औषध वाईट. मंजुरीही मध्यम-प्रतिकूल गटापुरतीच मिळाली. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात तोच आकडा ०.९४ झाला, आठ वर्षांच्या ०.८२. तिन्ही वेळा कॉन्फिडन्स इंटर्व्हल १ च्या दोन्ही बाजूंना पसरलेली होती, कारण या गटात मृत्यू थोडे. म्हणजे २०१८ मध्ये “अनुकूल गटात हे औषध घातक” म्हणणारे घाईत होते, आणि आज “आता फायदा सिद्ध झाला” म्हणणारेही घाईतच आहेत.

दुसरं उदाहरण उलट दिशेचं. कीनोट-४२६ मध्ये पेंब्रोलिझुमॅब हे पीडी-१ औषध अ‍ॅक्सिटिनिब या गोळीबरोबर दिलं गेलं, तुलनेला पुन्हा सुनिटिनिब. पेशंट ८६१. २०१९ मध्ये पहिला निकाल आला तेव्हा हॅझर्ड रेशो होता ०.५३. सगळीकडे हाच आकडा फिरला. पाठपुरावा वाढला तसा तो ०.६८ झाला, मग ०.७३, आणि पाच वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतर ०.८४. फायदा आहेच, पण पहिल्या आकड्याने जेवढा दाखवला तेवढा नाही. सुरुवातीला गोळीमुळे आजार लवकर आटोक्यात येतो, म्हणून आलेख पटकन दूर जातात. पुढे सुनिटिनिब गटातल्यांनाही इतर औषधं मिळतात आणि अंतर कमी होतं.

हे वाचून ‘२१४ जिंकलं, ४२६ हरलं’ असा निष्कर्ष मात्र काढू नका. पेशंट वेगळे, गट वेगळे, काळ वेगळा. या दोन उपचारांना समोरासमोर उभं करणारा प्रयोग यात नाही. इथून एवढंच घ्या, की हॅझर्ड रेशो लिहिताना शेजारी पाठपुराव्याचे महिने लिहायचे. माझ्या वहीत आता तसा रकानाच आहे.

दोन औषधं एकत्र, मग काम कुणी केलं?

पेपरचा दुसरा कच्चा दुवा माझ्या नाही, युरोपीय औषध संस्थेच्या नजरेत आला. जुलै २०१८ मध्ये तिच्या समितीने या जोडीला आधी नकारच दिला. कारण साधं होतं. प्रयोगात दोनच गट होते : दोन्ही औषधं किंवा सुनिटिनिब. नुसतं निवोलुमॅब घेणारा गट नव्हता. मग फायद्यात इपिलिमुमॅबचा वाटा किती, हे कसं कळणार? इपिलिमुमॅबमुळे दुष्परिणाम वाढतात हे माहीत असल्यामुळे प्रश्न निव्वळ तात्त्विक नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरविचारात समितीचं मत बदललं, औषध मंजूर झालं, पण हा प्रश्न सोडवण्यासाठी नवा प्रयोग करायची अट घालूनच.

ज्यांना प्रयोगशाळेत कंट्रोल ठेवायची सवय आहे, त्यांना हे लगेच पटेल. अ आणि ब एकत्र घातले आणि तुलना क शी केली, तर ब ने काय केलं हे सांगता येत नाही. आमच्या लॅबमध्ये असा प्रयोग घेऊन गेले, तर गाईड दारातूनच परत पाठवतील. पण पेशंटवरच्या प्रयोगात एक गट वाढवणं म्हणजे शेकडो माणसं, कित्येक वर्षं आणि प्रचंड खर्च. म्हणून मी याला निष्काळजीपणा म्हणणार नाही. एक उणीव म्हणेन, जिची किंमत पेशंटने दुष्परिणामांत मोजलेली असू शकते.

दुष्परिणामांचे दोन आकडे

गंभीर म्हणजे श्रेणी ३ किंवा ४ चे दुष्परिणाम : एकत्रित औषधांवर ४६ टक्के, सुनिटिनिबवर ६३ टक्के. स्लाइडवर मी फक्त हेच टाकलं होतं, “सुरक्षितही आहे” म्हणून. पण त्याच तक्त्यात पुढे आहे : दुष्परिणामांमुळे औषध बंद करावं लागलं २२ टक्के विरुद्ध १२ टक्के. उपचारामुळे झालेले मृत्यू आठ विरुद्ध चार.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? सुनिटिनिबचा त्रास पुष्कळ जणांना होतो : थकवा, जुलाब, रक्तदाब, तळहात-तळपाय सोलवटणं. पण डोस कमी करून किंवा सुट्टी वाढवून तो बऱ्याचदा सांभाळता येतो. इम्युनोथेरपीत त्रास कमी जणांना, पण तो वेगळ्या जातीचा. स्वतःची प्रतिकारशक्तीच आतडं, यकृत, फुप्फुस, थायरॉइड किंवा पिट्युटरीवर उठते. स्टेरॉइड द्यावी लागतात. ग्रंथी एकदा बिघडली तर गोळी जन्मभर घ्यावी लागू शकते. ‘श्रेणी ३’ हा शिक्का दोन्हीकडे सारखा दिसतो, पण आयुष्य सारखं नसतं. त्यामुळे दुष्परिणामांचा तक्ता वाचताना एकूण आकड्यावर थांबायचं नाही. कोणते, कधी, किती टिकणारे, औषध थांबवावं लागलं का, हे सगळं बघायचं.

तुलनेच्या गटाचं पुढे काय झालं

सुनिटिनिब हा २०१४ मध्ये रास्त प्रतिस्पर्धी होता. पण प्रयोग चालू असतानाच, नोव्हेंबर २०१५ मध्ये, निवोलुमॅबला दुसऱ्या फळीतलं औषध म्हणून अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे सुनिटिनिब गटातल्या माणसाचा आजार वाढला, तर त्याला पुढे निवोलुमॅब मिळू शकत होतं. किती जणांना मिळालं, यावर निकालाचा अर्थ ठरतो. सगळ्यांना मिळालं असेल, तर प्रश्न होतो, “आधी द्यावं की नंतर?” कोणालाच मिळालं नसेल, तर प्रश्न होतो, “द्यावं की देऊच नये?” हे दोन फार वेगळे प्रश्न आहेत आणि आलेख दोन्हींसाठी एकसारखाच दिसतो. याचा तक्ता मुख्य पेपरात शोधत बसू नका, सप्लिमेंटमध्ये जा. कुठलाही कॅन्सर प्रयोग वाचताना ‘पुढचे उपचार’ हा तक्ता उघडल्याशिवाय आयुर्मानाच्या आकड्यावर बोलायचं नाही, हा माझा आता नियम आहे.

डोसचा प्रश्न, आणि आपल्याकडची गोष्ट

मावशीने दुसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न माझ्या मनात नव्हताच : “दर पंधरा दिवसांनी, आणि किती दिवस? एवढे पैसे आणायचे कुठून?”

यावरून मी मागे गेले. निवोलुमॅबचा ३ मिलिग्रॅम प्रति किलो हा डोस कुठून आला? किडनीच्याच कॅन्सरमध्ये १६८ पेशंटवर एक दुसऱ्या टप्प्याचा प्रयोग झाला होता, २०१५ मध्ये प्रसिद्ध. तीन डोस, दर तीन आठवड्यांनी : ०.३, २ आणि १० मिलिग्रॅम प्रति किलो. गाठी आकसण्याचं प्रमाण अनुक्रमे २०, २२ आणि २० टक्के. आजार न वाढता गेलेला काळ २.७, ४.० आणि ४.२ महिने, आणि डोसनुसार फरक सिद्ध झाला नाही. डोस तेहतीस पट वाढवूनही गाठी तेवढ्याच जणांच्या आकसल्या.

हे वाचून मी खुर्चीतून उठलेच होते. मग पुढची ओळ वाचली : मध्यक आयुर्मान १८.२, २५.५ आणि २४.७ महिने. सर्वांत कमी डोसचा आकडा मागे आहे. हा प्रयोग आयुर्मानाची तुलना करण्यासाठी आखलेला नव्हता आणि प्रत्येक गटात पन्नास-साठच पेशंट होते, म्हणून यावरून “कमी डोस वाईट” ठरत नाही. पण पहिले दोन आकडे सांगायचे आणि तिसरा गाळायचा, हेही चालणार नाही. कमी डोसच्या बाजूने बोलणारे बरेच जण नेमकं हेच करतात. मीही आनंदाच्या भरात तेच करणार होते.

आता मुंबईचं काम. टाटा मेमोरियलच्या विजय पाटील आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब वापरून १५१ पेशंटवर प्रयोग केला. साठ किलोच्या माणसाला हे साधारण ०.३३ मिलिग्रॅम प्रति किलो पडतं, म्हणजे वरच्या प्रयोगातल्या सर्वांत कमी डोसएवढंच. तोंडाने घ्यायच्या कमी डोसच्या औषधांना याची जोड दिल्यावर वर्षभरानंतर जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. त्या पेपरची सुरुवातच या वस्तुस्थितीने होते, की या कॅन्सरची मंजूर औषधं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत १ ते ३ टक्के पेशंटपर्यंतच पोहोचतात.

हा पेपर मला मनापासून आवडतो, म्हणून त्यालाही तोच चष्मा लावते. त्यात पूर्ण डोसचा गट नव्हता. त्यामुळे ‘काहीच नाही’पेक्षा कमी डोस चांगला, एवढं त्यातून कळतं. कमी डोस पूर्ण डोसइतकाच चांगला, हे कळत नाही. आणि कॅन्सर वेगळा, त्यामुळे किडनीच्या पेशंटला तो आकडा तसाच लावता येत नाही. पण ज्याला पूर्ण डोस परवडणारच नाही, त्याच्यासाठी ‘काहीच नाही’शी केलेली तुलना हीच खरी तुलना असते. चेकमेट २१४ ने विचारलेला प्रश्न आणि मावशीच्या घरातला प्रश्न वेगळे होते. कंपनीने पैसे घातलेला प्रयोग डोस कमी करून बघेल अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. तो प्रश्न आपल्यालाच आखावा लागेल.

शेवटी

दुसऱ्या दिवशी मी मावशीला डॉक्टरांना विचारायला चार प्रश्न लिहून दिले : त्यांचा जोखमीचा गट कोणता? गोळ्या आधी घेतल्या तर पुढे इंजेक्शनाचा पर्याय उरतो का? त्रास झाला तर रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा? आणि किती महिन्यांनी तपासून औषध थांबवायचं की चालू ठेवायचं ते ठरणार? “बरे होतील का?” याला मी एवढंच म्हटलं, की काही जणांमध्ये हा आजार वर्षानुवर्षं शांत राहतो, पण ते कोण हे आधी सांगता येत नाही. कोणाला फायदा होईल हे आधी ओळखायची भरवशाची खूण या आजारात अजून हाताशी नाही. माझं फ्लास्कमधलं काम त्याच प्रश्नाच्या एका कोपऱ्यात चाललंय.

तुमच्यासाठी गृहपाठ. कुठलाही एक कॅन्सर प्रयोग घ्या आणि सारांश न वाचता पाच गोष्टी वहीत लिहा : मुख्य प्रश्न कोणत्या गटाचा, ०.०५ कसा वाटला. एका ठरावीक महिन्याला दोन्ही गटांतले किती जिवंत. पाठपुरावा किती महिन्यांचा. तुलनेच्या गटाला पुढे काय मिळालं. मग सारांश वाचा. दोन्हींत फरक दिसला, तर मला नक्की कळवा. पुढच्या पोस्टमध्ये काप्लान-मायर आलेख कागद-पेन्सिलने कसा काढायचा ते बघू. दहा पेशंटची काल्पनिक यादी घेऊन, कॅल्क्युलेटरही लागणार नाही.